सतरा नंबरचं खळं

भिवाला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी डोंबिवलीच्या पूर्वेकडच्या नव्या वस्तीचं वर्तमानपत्र तोच होता. छापील पेपर मुंबईहून यायचा, त्यात कोरियाच्या लढाईपासून सगळं असायचं. पण सात नंबरच्या प्लॉटवर विहिरीला पाणी लागलं की नाही, अकरा नंबरवाल्या पेंडसेबाईंना मुलगा झाला की मुलगी, आणि नऊ नंबरवाल्याने पाया खणून मध्येच का सोडला, हे त्यात कधी आलं नाही. ते भिवाकडूनच कळायचं.

गिरगाव-दादरच्या खोल्यांत अंग चोरून राहणारी माणसं तेव्हा डोंबिवलीला जागा बघायला येत. कल्याणच्या एका सावकाराने आपली माळजमीन एका सोसायटीला विकली होती आणि सोसायटीने तिचे चोवीस तुकडे पाडले होते. दर रविवारी सकाळी भिवा स्टेशनबाहेरच्या चिंचेखाली उभा राहायचा. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, डोक्यावर टोपी, आणि बारा महिने काखेत छत्री. छत्री सोसायटीने दिलेली. त्या छत्रीने भिवा प्लॉट दाखवायचा, कुत्री हाकलायचा, सगळं करायचा, फक्त ती उघडायचा नाही. नवी वस्तू भिजवून खराब कशाला करायची, असं त्याचं म्हणणं.

जातीने तो आगरी. ऐन तारुण्यातली दहा वर्षं कोलशेतच्या बाजूला मिठागरात काढलेली, बायकोही तिथलीच आणलेली. बायजा तिचं नाव. मग बाप गेला आणि तो गावी येऊन भाताची शेती बघू लागला. गाव म्हणजे माळाच्या खालच्या अंगाला अकरा घरं आणि त्यांची खाचरं. सोसायटीने माळ घेतला तेव्हा गावाला काही बिघडल्यासारखं वाटलं नाही. माळावर भात होत नाही. गुरं चरत, बायका गवत कापत, आणि जमीन कागदोपत्री सावकाराची आहे हे गावाला ठाऊकच होतं. शिवाय भिवाला रविवारचं काम मिळालं, आणि बोलायला दर रविवारी नवी माणसं. त्याच्यासारख्या माणसाला यातच स्वर्ग.

जमिनीची मोजणी झाली ती एक्कावन्नच्या वैशाखात. सोसायटीचा मोजणीदार टोपी सावरत, घाम पुसत माळभर हिंडला आणि त्याच्या साखळीचं दुसरं टोक धरून भिवा हिंडला. माळाच्या खालच्या कडेला, खाचरांच्या वर, एक सपाट जागा होती. तिथे मोजणीदार थांबला.

"इथे काही आहे का रे? देऊळ, थडगं, विहीर, कुणाची वहिवाट?"

भिवाने सगळीकडे नजर फिरवली. उन्हाने तडकलेली माती, गुरांचे खूर, एक सुकलेलं बाभळीचं काटूक.

"नाय सायेब. काय नाय."

मोजणीदाराने कागदावर चौकोन काढला, आत आकडा घातला. चारी कोपऱ्यांना दगड पुरले तेही भिवानेच, आणि त्यांच्यावर डांबराने काढलेला आकडा वाळेपर्यंत राखत बसला तोही भिवाच. आकडा सतरा.

आता कुणी म्हणेल, हा माणूस खोटं बोलला. तो खोटं बोलला नव्हता. वैशाखात तिथे खरंच काही नव्हतं. कार्तिकात गाव तिथे खळं घालायचं. माती उकरायची, पाणी मारायचं, धुमसाने चोपून चोपून टणक करायची, शेणाने सारवायची आणि मधोमध मेढ रोवायची. त्या मेढीभोवती बैल फिरवून अकरा घरांच्या भाताची मळणी व्हायची. पौष आला की मेढ उपटून भिवाच्या घरी आढ्याला टांगायची. खळं उठलं. मग गुरं त्यावरून जात आणि होळीपर्यंत कसली खूण उरत नसे. गावाच्या लेखी खळं असं घालायचं आणि उठवायचं असतं. उठलेलं खळं आहे म्हणून कुणी सांगेल, तर उठलेल्या पंगतीची पत्रावळ दाखवण्याचाच तो प्रकार. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने वैशाखात हेच उत्तर दिलं असतं. फक्त विचारलं होतं भिवाला.

गुप्ते मास्तर श्रावणात आले. गिरगावच्या एका शाळेत ते भूगोल शिकवत. बरोबर त्यांची आई होती, गोदाबाई. बारीक चणीची, ताठ पाठीची, आणि समोरच्याने एक वाक्य बोलायच्या आधी त्यावर तीन प्रश्न तयार ठेवणारी. मास्तरांची बायको, दोन मुली आणि या दोघांचं बिऱ्हाड चाळीतल्या एका खोलीत होतं. चाळ मोडकळीला आली होती आणि डिसेंबरअखेर ती रिकामी करायची नोटीस लागली होती. हे सगळं भिवाला स्टेशनपासून माळावर पोहोचेपर्यंत कळलं, आणि त्याबदल्यात त्यांना चोवीसच्या चोवीस प्लॉटांचं कुळ-गोत्र कळलं.

सतरा नंबर गवतात बुडाला होता. गोदाबाईंनी नऊवारीचा ओचा सावरत चारी दगड स्वतः पाहिले.

"जागा सपाट आहे. इतकी सपाट कशी रे?"

"माळ हाय, बाय."

"बाकीचा माळ उंचसखल आहे. इथे काही वाईटवंगाळ नाही ना? खरं सांग."

"नाय बाय. काय नाय."

हे दुसऱ्यांदा. मास्तरांनी बायकोच्या पाटल्या मोडून सतरा नंबर घेतला. दिवाळी झाली की पाया खणायचा, आणि चाळ सुटायच्या आत निदान दोन खोल्यांवर छप्पर घालायचं असं ठरलं. भिवाने ती बातमी पुढच्या रविवारी सगळ्यांना अभिमानाने सांगितली. मास्तर माणूस शेजारी आला, गावाला बरं.

दिवाळी सरली. भात कापून झालं. एका सकाळी भिवाने आढ्याची मेढ काढली, खांद्यावर टाकली आणि तो माळाकडे निघाला. मागे गावातले गडी कुदळी घेऊन, बायका शेणाच्या पाट्या घेऊन. गवत वाळून बसलं होतं. सपाट जागेच्या चार कोपऱ्यांना चार दगड स्वच्छ दिसत होते.

भिवा तिथेच उभा राहिला. दगड त्याने स्वतः पुरले होते. त्या जागेवर माणसं आणून उभी केली होती. सहा महिन्यांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं की सतरा नंबर म्हणजेच आपलं खळं. मेढ खांद्यावर आली तेव्हा ते त्याला उमगलं.

"दगुर उपटा आनि फेका," म्हातारा काळुराम म्हणाला. तो गावातला सगळ्यांत जुना माणूस. "जमीन सावकाराची आसंल, खलं आपला हाय. कुनी इकला?"

इथे भिवाला गप्प बसता आलं असतं. सावकाराला चार शिव्या पडल्या असत्या, मोजणीदाराला चार, आणि त्याचं नाव कुठेच आलं नसतं. पण त्याने मेढ खाली ठेवली.

"मी," तो म्हणाला. "सायबानी मना इचारला, इथं काय हाय का. मी बोललो, काय नाय."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर भिवाला बरं वाटलं असतं. काळुराम दगडाकडे बघून म्हणाला, "वैशाखान इचारला आसंल." मग मान हलवून खाली बसला. त्यालाही दुसरं उत्तर सुचलं नसतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसरी जागा नव्हती. खाचरं अजून ओली, आणि माळाचा बाकीचा प्रत्येक तुकडा नंबर पडलेला. गावाने भारे वाहून आणले आणि दगडांच्या बाहेर रचले. दुसऱ्याच्या नावाने दगड पुरलेला असला की त्याच्या आत विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही गावाची रीत. आपल्याच खळ्याच्या दारात अकरा घरं वर्षाचं धान्य घेऊन बसून राहिली, आणि आभाळ तर रोज दुपारनंतर भरून येऊ लागलं.

रविवारी मास्तर आणि गोदाबाई आले. हातात नारळ, हळदकुंकू, पिशवीत नवी कुदळ. चिंचेखाली भिवा होता, पण बातम्या नव्हत्या. अर्धा रस्ता झाला तरी नऊ नंबरचा पाया निघाला नाही की अकरा नंबरचं बारसं निघालं नाही.

"तुला बरं नाही का रे?" गोदाबाईंनी विचारलं. "की पेंडसेबाईंचं काही?"

भिवा थांबला. छत्री दोन्ही हातांत धरून त्याने सगळं सांगितलं. वैशाखातलं सांगितलं, श्रावणातलं सांगितलं. "तुमी इचारला तवा पन मी काय नाय बोललो, बाय. मना तवा खरंच दिसला नाय."

मास्तरांचा चेहरा उतरला. ते ओरडले नाहीत, पण त्यांचा आवाज बारीक झाला. "भिवा, डिसेंबरनंतर आम्हाला घर नाही. पाया आज खणला नाही तर मुलींना घेऊन मी जाऊ कुठे?"

गोदाबाई पुढे चालू लागल्या.

माळावर पोहोचल्यावर त्या थांबल्या. दगडांच्या बाहेर भाताच्या भाऱ्यांची भिंत होती. तिला टेकून बायका-माणसं बसली होती. आत, सतरा नंबरात, एक पेंढी पडलेली नव्हती. वाऱ्याने उडून गेलेली चार कणसं तेवढी होती, तीही कुणी उचलायला गेलं नव्हतं.

"हे आत का नाही गेले?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तुमचा दगुर हाय, बाय," बायजा म्हणाली.

गोदाबाईंचा जन्म भात खाण्यात गेला होता. ते कुठून येतं हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी एका भाऱ्याला हात लावला, दाणे चाचपले, मग आभाळाकडे पाहिलं.

"किती दिवस लागतात तुमच्या मळणीला?"

"पूस लागंपरत," काळुराम म्हणाला. पूस म्हणजे पौष.

"आणि तोवर आम्ही कुठे राहायचं?"

"आमचे घरान," बायजा म्हणाली. जणू हे सगळ्यांना आधीपासून माहीतच होतं आणि विचारायचं तेवढं राहिलं होतं. "पडवी मोकली हाय. तुमची चूल येगली मांडू."

मास्तरांनी आईकडे पाहिलं. सोवळ्याओवळ्यावरून चाळीतल्या पाच बिऱ्हाडांशी अबोला धरलेली बाई ती. गोदाबाईंनी पिशवीतून नारळ काढला आणि भिवाच्या हातात दिला.

"नारळ आणलाच आहे तर फोडून टाक. पायाचा नाही झाला तर मेढीचा होऊ दे. आणि चुलीला माझी मी माती आणीन, कुणी शिवायचं नाही."

भिवाला नारळ फुटेना. शेवटी काळुरामने तो त्याच्या हातातून घेतला आणि सतरा नंबरच्याच दगडावर फोडला.

मार्गशीर्षात गुप्त्यांचं बिऱ्हाड भिवाच्या पडवीत आलं. मास्तर पहाटेच्या गाडीने गिरगावला जात आणि संध्याकाळी येत. गोदाबाईंची चूल आठ दिवस वेगळी राहिली. नवव्या दिवशी त्यांना ताप भरला आणि बायजाने केलेली तांदळाची पेज त्या निमूट प्यायल्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. चूल वेगळीच राहिली, पण पेज रोज बायजाच्या चुलीवरची येऊ लागली. दुपारी त्या खळ्यावर जाऊन बसत, पाखरं हाकत, आणि बैल कणसांत तोंड घालू लागला की गड्यांच्या आधी ओरडत. गावाने बैलांच्या तोंडाला मुसकी बांधायचं सोडून दिलं, गोदाबाई होत्या म्हणून.

पौष लागला, शेवटची रास झाली. पहिलं माप गावदेवाला गेलं, आणि दुसरं भिवाने सुपात घालून गोदाबाईंपुढे ठेवलं. मग त्याने मेढ उपटली. गोदाबाई खड्ड्याकडे बघत होत्या.

"पुढच्या वर्षी ही कुठे रोवायची?"

भिवाने पायाने माती खड्ड्यात लोटली.

त्या रात्री जेवताना गोदाबाईंनी मुलाला सांगितलं की घर मागे सरकवायचं. नकाशात पुढे ओसरी होती आणि बाजूला मास्तरांची पुस्तकांची खोली होती. दोन्ही गेल्या. पुस्तकं पुढे जन्मभर पेट्यांतच राहिली आणि मास्तरांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, निदान आईसमोर तरी नाही. पाया खणायला अकरा घरांतले गडी आले. दगड नदीकाठावरून त्यांच्याच गाड्यांनी आले. कुणी बोलावलं नव्हतं. अक्षय तृतीयेला वास्तुशांत झाली तेव्हा सोसायटीतल्या लोकांना कोडं पडलं की हे घर असं लाजल्यासारखं मागच्या कुंपणाला चिकटून का उभं आहे. भिवाने ते कोडं दर रविवारी सोडवलं. स्टेशनपासून सुरुवात करायचा आणि माळ येईपर्यंत त्याला ते पुरायचं. शेवटी तो प्रत्येकाला हेच सांगायचा, "मी चुकलो, पन मास्तरांनी गाव राखला." असं म्हणताना त्याचे डोळे भरून येत, आणि नव्या माणसांना वाटे, जागा विकायला हा काय काय करतो!

दर कार्तिकात मास्तरांच्या अंगणात खळं पडू लागलं. पेंडसेबाई मुलाला कडेवर घेऊन बघायला येत. दर पौषात दुसरं माप गोदाबाईंकडे जाई, आणि गोदाबाई सूप रिकामं परत करत नसत, त्यात गूळ तरी असे नाही तर शेवया. आपण या म्हातारीचे किती ऋणी आहोत हे भिवाला कधी नीट सांगता आलं नाही. इतकं बोलणारा माणूस, पण तिथे आला की त्याची जीभ अडायची. तो नुसता अंगण झाडून जायचा.

एकच काळजी त्याला होती, आणि ती तो बायजालाही बोलला नव्हता. गोदाबाई थकत चालल्या होत्या. मास्तर देवमाणूस, पण मुली सासरी जातील, घर उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल. तो उद्याचा माणूस वैशाखात अंगणात उभा राहील आणि त्याला काय दिसेल?

सत्तावन्नच्या वैशाखात सरकारी मोजणी आली. वस्ती वाढली होती, आता प्रत्येक घराची, अंगणाची, वाटेची नोंद सरकारदप्तरी होणार होती. साखळी धरायला जुना माणूस म्हणून भिवालाच बोलावलं. केस पिकले होते, छत्री तीच होती.

सतरा नंबरला आले तेव्हा ऊन रणरणत होतं. शाळेला सुट्टी होती, मास्तर दारात उभे होते. गोदाबाई खाटेवर बसल्या होत्या. अंगणात तडकलेली माती, गुरांचे खूर, आणि कोपऱ्यात गोवऱ्या.

"पुढे मोकळी जागा," मोजणीदार लिहिता लिहिता पुटपुटला.

"मोकळी नाही," गोदाबाई म्हणाल्या. "खळं आहे ते. गावाचं."

मोजणीदाराने मान वर केली. मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आईकडे बघत होते आणि हसत होते.

"बाई, एकदा लिहिलं की ती गावची वहिवाट होते. मग तिथे तुम्हाला बांधता येणार नाही, उद्या विकायला गेलात तरी ते तसंच राहील. विचार करून सांगा."

"विचार साडेपाच वर्षांपूर्वी करून झालाय. लिहा."

मोजणीदाराने टोपी काढून घाम पुसला. रिकाम्या मातीकडे बघितलं, मग साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे वळला.

"मला तर काही दिसत नाही. तू गावचा ना रे? इथे काही आहे का?"

भिवाच्या हातातली साखळी ढिली पडली होती. ती त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"हाय सायेब," तो म्हणाला. "खलं हाय. लिवा."